झगा कोणी शिवला?

परुळेकरबाईंनी मला पहिल्यांदा मूर्ख म्हटलं ते लिफ्टमध्ये. आमची तेव्हा दोन मिनिटांचीही ओळख नव्हती. बहारीनच्या गुदैबिया भागातल्या त्या जुन्या इमारतीत आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकली आणि मी, एसीच्या कंपनीत इंजिनिअर असल्याच्या तोऱ्यात, एकच बटण पुन्हा पुन्हा दाबत सुटलो. शेजारी कोथिंबिरीची जुडी धरलेली, पन्नाशी ओलांडलेली एक बुटकी बाई उभी होती. ती शांतपणे म्हणाली, "अहो मूर्ख गृहस्थ, दार वाजवा. बाहेर माणसं आहेत." मी दार वाजवलं. बाहेर माणसं होती.

बाई मूळच्या मालवणकडच्या. नवऱ्याच्या नोकरीपायी बहारीनला आल्या, एका इंग्रजी शाळेत इतिहास शिकवायला लागल्या, आणि नवरा गेल्यावरही परत गेल्या नाहीत. "तिकडे जाऊन काय करू? भावजयीच्या घरी भिंतीला टेकून बसू?" असं म्हणायच्या. शाळेत त्या मॅम होत्या, पण शनिवारी सकाळी घरी शिकायला येणाऱ्या सहा मुलांनी त्यांना बाईच म्हणायचं, हा नियम होता. मुलं इंग्रजीत बोलायची, बाई मराठीत. अडलं की मध्ये हिंदी यायची, आणि राग आला की अरबी. "गृहपाठ मफी, अक्कल मफी, काहीच नाही, मग इथे आलास कशाला? यल्ला, घरी जा!" म्हणून ओरडायच्या, आणि ते पोर जायला उठलं की त्याच्या हातावर खोबऱ्याची वडी ठेवून परत बसवायच्या.

पदराला एक लाल पेन कायम खोचलेलं. त्या पेनाची गुदैबियातल्या सगळ्या खानावळींना धास्ती होती. बाई चुका दुरुस्त करत नसत, खोटं बोलणारे शब्द खोडत. मेनूकार्डावर 'ताजी सुरमई' असेल तर आधी सुरमई खायच्या, मग 'ताजी' खोडून कार्ड मालकाच्या हातात द्यायच्या. आमच्या इमारतीच्या मालकाने एकदा सूचना लावली, 'प्रिय भाडेकरूंनो, पाणी दोन दिवस बंद राहील.' बाईंनी 'प्रिय' खोडला. पाणी पाच दिवस बंद राहिलं, तेव्हा त्यांनी 'दोन'सुद्धा खोडला.

इतिहासाची त्यांची व्याख्या मला फार आवडायची. "इतिहास म्हणजे चहाडी. फक्त पुरावा देऊन केलेली."

माझी मुलगी इरा दहावीत गेल्यावर बाईंच्या हाती पडली. त्या वर्षी तिला परीक्षेला अमेरिकेचा इतिहास होता. काळ्या लोकांनी समान हक्कांसाठी केलेली चळवळ आणि त्याच काळात गोऱ्यांचं वर्चस्व टिकवायला उभ्या राहिलेल्या टोळ्या. मी इराला सोडायच्या निमित्ताने जायचो आणि चहाच्या आशेने बाईंच्या स्वयंपाकघरात रेंगाळायचो. त्यामुळे तो धडा मी आयुष्यात पहिल्यांदा, चाळिशी उलटल्यावर, दाराआडून ऐकला.

बाईंनी टेबलावर एका बाजूला पांढरी चादर ठेवली होती आणि दुसऱ्या बाजूला परुळेकरांचा जुना टाय. "यातलं जास्त भीतिदायक काय?"

सगळ्यांनी चादरीकडे बोट दाखवलं. एक मुलगा म्हणाला, "लाइक अ थोब?"

"कपड्याला दोष देऊ नकोस. तुझ्या बसचा ड्रायव्हर तो लांब पांढरा अरबी थोब घालतो, देवमाणूस आहे. मी डोक्यावर टोपडं ओढून, तोंड लपवून येणाऱ्यांबद्दल बोलतेय. हे झगेवाले. घरं जाळायचे, माणसं मारायचे. एका चर्चमध्ये बॉम्ब ठेवला, शाळकरी पोरी मेल्या." इथे बाईंचा आवाज खाली गेला. या वाक्यावर त्या कधी विनोद करत नसत. मग खाकरून म्हणाल्या, "आता सांगा, हे लोक याच काळात का वाढले? आधी मरगळलेले होते. एकदम जोर कुठून आला?"

मुलांनी पुस्तकातली उत्तरं दिली. अज्ञान, गरिबी, द्वेष.

"अज्ञान आधी नव्हतं? द्वेष काय नवीन दुकान उघडलं होतं? अरे, कोर्ट म्हणालं, काळी-गोरी मुलं एका शाळेत बसतील. काळी माणसं मतदार यादीत नाव घालायला रांगेत उभी राहिली. हॉटेलात येऊन खुर्चीवर बसली आणि म्हणाली, कॉफी द्या. माणूस खाली असेपर्यंत सगळे त्याच्यावर प्रेम करतात रे. तो शेजारच्या खुर्चीवर बसला की समिती स्थापन होते."

मग त्यांनी टाय उचलला. "आणि ही ती समिती. हे टायवाले. बँकेचा मॅनेजर, दुकानदार, पेपरचा मालक, न्यायाधीश. यांनी कधी टोपडं घातलं नाही. शाळेसाठी अर्ज केलेल्यांची नावं पेपरात छापली, बस्स. दुसऱ्या दिवशी त्यांची नोकरी गेली, दुकानात सामान मिळेना. सगळं कसं सभ्यपणे. वर म्हणणार, आम्ही त्या झगेवाल्या गुंडांतले नाही हो. पण गुंडाला पकडायला कोणी जात नव्हतं, ते या सभ्य लोकांच्या जिवावर. झगेवाला पकडलाच, तर कोर्टात निकाल द्यायला पंच म्हणून कोण बसायचं? टायवाले."

"मग मी असते तर विरोध केला असता," इरा इंग्रजीत म्हणाली.

बाईंना या वाक्याचा विलक्षण तिटकारा होता. "तू तेव्हा असतीस तर आईच्या सांगण्यावरून झगा इस्त्री करत बसली असतीस. झगा घालणाऱ्याला सगळे ओळखतात. शिवला कोणी, धुतला कोणी, ते शोध. आपल्या आसपासचा एखादा नियम घ्या, कुणाला तरी जरा बाजूला ठेवणारा. तो कोणी केला, केव्हा केला, काय कारण सांगितलं, पुराव्यानिशी लिहून आणा. दोन आठवडे."

एका पालकाने फोन करून विचारलं की अमेरिकेच्या भांडणात आमच्या मुलांना कशाला ओढता. बाई म्हणाल्या, "परीक्षेत सोळा मार्कांचा प्रश्न असतो म्हणून." त्यावर पालक एकदम समाधानी झाले.

इराने आमच्या मराठी मंडळाचा पास निवडला. मला तेव्हाच धोका ओळखायला हवा होता, पण ओळखला नाही.

त्या पासाचं असं आहे. गणपतीतल्या शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, मंडळ हॉल घेतं. बारा वाजता महाआरती, मग महाप्रसाद. फॅमिली पासवाल्यांनी बाराला यायचं, बॅचलर पासवाल्यांनी तीनला. बॅचलर म्हणजे ब्रह्मचारी नव्हे. इथे कुटुंब न आणता राहणाऱ्या, म्हणजे आणणं परवडत नाही अशा कामगाराला बॅचलर म्हणतात. आमचे बहुतेक बॅचलर सित्र्याच्या कामगार वस्तीतून कंपनीच्या बसने येत. त्यातला मुख्य दत्ताराम शिगवण, गुहागरकडचा वेल्डर. या बॅचलरला दोन मुलगे होते आणि नुकतीच सून आली होती. बाईंच्या घरातलं पुस्तकांचं लोखंडी कपाट त्यानेच बनवून, खांद्यावरून वर आणून दिलेलं, कारण लिफ्ट अर्थातच बंद होती. दत्ताराम मृदंग सुरेख वाजवायचा. त्याची एकच इच्छा होती आणि ती तो सगळ्यांना सांगायचा: कायमचं गावी जाण्याआधी पुन्हा एकदा बाराच्या आरतीला मृदंग वाजवायचा. तीनला आरती नसायचीच, नुसतं जेवण. यंदाच्या गणपतीनंतर तो जाणार होता.

मी मंडळाचा सहचिटणीस. माझी पात्रता एवढीच की माझ्या गाडीच्या डिकीत मंडळाची ट्रंक मावते. इराने इतिवृत्ताची जुनी वही मागितली, मी दिली. तिचं मराठी वाचन अडखळतं, म्हणून तिने मलाच शेजारी बसवलं आणि बोट ठेवत ठेवत वाचायला लागली. नऊ वर्षांपूर्वीची सभा. सुंदर, वळणदार अक्षर.

'महिला व मुलांच्या सोयीसाठी, तसेच हॉलची क्षमता लक्षात घेता, एकट्या राहणाऱ्या सदस्यांनी महाप्रसादास दुपारी तीन वाजता यावे, ही नम्र विनंती करण्याचा ठराव. सूचक: सौ. परुळेकर.' आणि खाली अनुमोदक. ते नाव वाचायला मला चष्मा लागला नाही. ते माझं होतं.

"बाबा, धिस इज यू."

"हो, म्हणजे, तेव्हा हॉल लहान होता," मी म्हणालो.

खरं म्हणजे मला सगळं आठवलं. सुरुवातीला सित्र्याहून आठ-दहाजण यायचे. सकाळीच येऊन बटाटे सोलायचे, मखर बांधायचे, आणि मग आमच्याच पंगतीत बसायचे. सगळ्यांना त्यांचं केवढं कौतुक! मग कंपनीने बस द्यायला सुरुवात केली आणि आठाचे पन्नास झाले. त्या वर्षी दत्तारामने मृदंगावर थाप मारली, पन्नासजणांनी सूर लावला, आणि आमची एसीतली आरती त्यांच्या मागे फरफटत गेली. अध्यक्ष तर दोन कडवी मागे राहिले. काय आरती झाली ती! पुढच्याच महिन्यात हॉलची क्षमता आमच्या लक्षात आली.

शनिवारी मी इराला सांगितलं, दुसरा एखादा नियम घे. तिने वही दप्तरात टाकली. मी तिच्यामागून गेलो आणि स्वयंपाकघरात जाऊन, चहा न मागता बसलो.

इराने शांतपणे वाचलं. तारीख, कारण, सूचकाचं नाव. बाई आधी हसल्या. मग म्हणाल्या, "अगं, पण त्या वेळी हॉल लहान होता. बायकांची गैरसोय व्हायची. आणि बॉम्ब आणि जेवणाचा पास एकाच मापाने मोजायचा म्हणजे गाढवपणा आहे."

"आय डिडन्ट से सेम, बाई. पण टायवाले पण असंच म्हणायचे ना? फक्त सोय?"

मी दाराच्या फटीतून पाहिलं. बाईंनी इतिवृत्ताची वही जवळ ओढली. लाल पेन काढलं, टोपण उघडलं आणि स्वतःच्या अक्षरावर धरून बसल्या. कुठला शब्द खोडायचा ते काही त्यांना सापडेना. मग इराच्या निबंधावर त्यांनी सोळापैकी सोळा लिहिले. त्यांच्या हातून कोणाला पैकीच्या पैकी मिळाल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं. "खलास. आज सुट्टी," त्या म्हणाल्या, आणि वडी द्यायला विसरल्या.

त्यांना लागलं होतं. फार लागलं होतं. मलाही लागायला हवं होतं, पण मी घरी जाताना जिन्यात इराला विचारलं, "अनुमोदकाचं नाव निबंधात घातलंस का गं?" ती म्हणाली, नाही. एवढं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

गणपतीच्या आधीच्या सभेत बाई उभ्या राहिल्या. "माझा ठराव मी मागे घेते. सगळ्यांना एकच पास. आरती सगळ्यांना बाराला. दत्ताराम मृदंग वाजवेल. पंगती लागतील तशा लागतील, आधी येईल तो आधी बसेल. हॉल आता दुप्पट आहे."

अध्यक्ष एका मोठ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते आणि आमच्या कंपनीला एसीची कामं तेच द्यायचे. अतिशय गोड माणूस. "बाई, कोणाच्या विरोधात काहीच नाही हो. ती मुलं आपलीच आहेत."

"त्यातल्या एका मुलाला सून आलीय."

"तेच तर. आपलीच आहेत. पण एक घडी बसलीय, आणि मुळात घडी तुम्हीच बसवलीत. त्यांचीही तक्रार नाही. नऊ वर्षांत एक अर्ज नाही आला."

बाईंचा चेहरा पडला. अर्ज नाही म्हणजे तक्रार नाही, हे वाक्य त्यांनी नुकतंच मुलांना टायवाल्यांच्या तोंडचं म्हणून शिकवलं होतं. मतदान झालं. ठराव मागे घेण्याच्या बाजूने बाईंचा एकटीचा हात वर होता. माझा हातही निघाला होता. वाटेत कान लागला, तो खाजवून परत आला. मला कोणी धमकी दिली नव्हती. अध्यक्षांनी माझ्याकडे फक्त प्रेमाने पाहिलं होतं.

जिना उतरताना बाई मला म्हणाल्या, "कान बरा आहे ना?" मग दोन पायऱ्या उतरून स्वतःशीच म्हणाल्या, "इतका टिकाऊ शिवला असेन असं वाटलं नव्हतं."

दोन दिवसांनी त्यांनी फॅमिली पास परत पाठवला आणि बॅचलर पास मागितला. अध्यक्षांनी मला त्यांच्या घरी पिटाळलं. मी म्हणालो, "बाई, काहीतरीच काय? लोक काय म्हणतील?"

"परुळेकर गेले. मूल नाही. मी एकटी राहते. ठरावात काय शब्द आहेत? 'एकट्या राहणाऱ्या सदस्यांनी.' सहा वर्षं मी फुकट फॅमिली म्हणून जेवले. नियम माझा आहे, तुम्ही मला त्याचा अर्थ शिकवू नका. पास काढा."

मी पास काढला. शुक्रवारी बाराच्या आरतीला बाई नव्हत्या. दरवर्षी सूर त्याच धरायच्या. त्या नसल्याने अध्यक्षांनी धरला आणि तो इतका वरचा लागला की दुसऱ्या कडव्यापर्यंत निम्मे लोक नुसत्या टाळ्या वाजवत होते. देवालाही हसू आलं असेल.

अडीचला मी बाहेर आलो. उन्हाने डांबर मऊ झालं होतं. हॉलच्या मागच्या दाराशी सावलीची एक पट्टी होती आणि तिच्यात साठ-सत्तर माणसांची रांग लागली होती. इस्त्रीचे शर्ट, तेल लावून बसवलेले केस. सुरुवातीलाच परुळेकरबाई, मोरपंखी पैठणी नेसून, हातात पास धरून उभ्या. पुढे दत्ताराम होता. खांद्याला कापडात गुंडाळलेला मृदंग. दरवर्षी घेऊन यायचा आणि तसाच परत न्यायचा.

"बाई, तुमी फुडं व्हा. आत जावा. उनात कशाला?" तो म्हणाला.

"का? मी रांगेत आहे. माझा नंबर तुझ्यानंतर."

मी पाण्याच्या बाटल्या वाटायच्या निमित्ताने जवळ सरकलो. बाई म्हणाल्या, "दत्ताराम, मला तुला एक सांगायचंय. हा तीनचा नियम मी केला होता. मी लिहिला. तुला बाराला वाजवता आलं नाही, ते माझ्यामुळे. माझं चुकलं."

दत्ताराम संकोचून हसला. "म्हाईत हाय की."

"काय माहीत आहे?"

"दारावर कागद लावला तवाच वळखलं. तुमचंच अक्षर. कपाट बनवायला माप लिवून दिलंवतं न्हवं तुमी, त्येच अक्षर."

माप कागदाच्या आधीचं, पण कपाट तर पुढच्या वर्षी आलं होतं. म्हणजे कागद वाचून, अक्षर ओळखून, मग हा माणूस ते कपाट खांद्यावर घेऊन चार जिने चढला होता. बाईंनाही तोच हिशेब लागला असावा, कारण त्यांनी दाराच्या चौकटीला हात टेकला.

"मग नऊ वर्षं बोलला का नाहीस रे? भांडायचं माझ्याशी!"

"भांडनार कसं बाई?" दत्ताराम अगदी साधेपणाने म्हणाला. "कागदात नम्र विनंती म्हनून लिवलंवतं. हुकूम असता तर भांडलो असतो. विनंतीला नाय कसं म्हनायचं?"

तीन वाजले, दार उघडलं, रांग आत सरकायला लागली. दत्ताराम गेला, त्याच्यामागचे गेले. बाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. तो कागद त्यांच्या डोळ्यांसमोर दारावरच होता. मंडळाने तो कधीच लॅमिनेट करून घेतला होता. दरवर्षी ट्रंकेतून काढायचा आणि चिकटवायचा. चिकटवण्याचं काम माझंच.

बाईंनी पदराचं लाल पेन काढलं आणि 'नम्र' या शब्दावर आडवी रेघ मारली. प्लॅस्टिकवर शाई धरेना. त्यांनी पुन्हा मारली. पेन घसरलं. मग त्या पेनाचं टोक रुतवून खरडायला लागल्या. आतून पंगतीचा गलका येत होता, दत्ताराम "बाई, ताट वाढलंय" म्हणून हाका मारत होता, आणि त्या पैठणीतल्या बुटक्या बाई टाचा उंचावून त्या एका शब्दाशी झटत होत्या. मी बाटल्या हातात धरून तसाच उभा राहिलो.

दत्ताराम त्याच महिन्यात गावी गेला, मृदंगासकट. बाईंचा व्हिसा शाळेचं वर्ष संपल्यावर संपला. त्या गावी परत गेल्या तेव्हा मी सुट्टीवर होतो, त्यामुळे त्या दारातल्या शब्दाबद्दल आमचं बोलणं राहूनच गेलं.

कागद अजून ट्रंकेत आहे आणि ट्रंक माझ्या डिकीत. परवा काढून पाहिला. लाल रंगाचा मागमूस नाही. सरळ धरला तर काहीच दिसत नाही. उन्हात तिरका धरला की 'नम्र'वरून गेलेला ओरखडा दिसतो. गणपती तीन आठवड्यांवर आलाय आणि तो कागद दारावर चिकटवायचं काम अजून माझ्याकडेच आहे.